सस्पेन्शनचे भाग घरी बसवावेत की गॅरेजकडे द्यावेत

सस्पेन्शनचे नवे भाग स्वतः बसवावेत की गॅरेजकडे काम सोपवावे, हा प्रश्न बहुतेक जण मजुरीच्या आकड्यावरून सोडवायला जातात. मजुरी वाचते हे खरे आहे, परंतु हाती घेतलेले काम कोणत्या जातीचे आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. लिंक रॉड (अँटीरोल बारचे टोक चाकाकडच्या भागाशी जोडणारा छोटा दांडा) बदलणे हे तासाभराचे, फारसा धोका नसलेले काम असते; त्याच्यापासून हातभर अंतरावर असलेली कॉइल स्प्रिंग मात्र चुकीच्या क्रमाने सोडवली, तर माणूस जबर जखमी होऊ शकतो. म्हणून सगळे काम एका तराजूत न तोलता प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे दोन प्रश्न विचारावेत. हा भाग सोडवताना त्यात दाब किंवा ताण साठलेला असतो का? आणि बसवून झाल्यावर तो बरोबर बसला आहे की नाही, हे मला माझ्याकडच्या साधनांनी तपासता येईल का?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ असेल, तर काम घरी करायला हरकत नाही. स्प्रिंगपासून वेगळे असलेले मागचे शॉक अब्सॉर्बर, लिंक रॉड आणि अँटीरोल बारचे (वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश, म्हणजे जोडातले रबरी अस्तर, ही कामे या वर्गात येतात. पुढचे स्ट्रट (डॅम्पर आणि स्प्रिंग एकत्र असलेले खांब) गाडीवरून उतरवणे व चढवणे घरी जमते, मात्र त्यावरची स्प्रिंग दाबून काढणे हे वेगळे काम मानावे. लोअर आर्ममधले (चाकाला खालून चेसिसशी जोडणाऱ्या हातामधले) दाबून बसवलेले बुश हायड्रॉलिक प्रेसशिवाय धड निघत नाहीत आणि धड बसतही नाहीत. एअर सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले डॅम्पर (म्हणजेच शॉक अब्सॉर्बर) यांना कंपनीचे निदान यंत्र लागते, त्यामुळे ते सरळ जाणकार गॅरेजकडे द्यावेत. व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, तर कोणीही, कितीही कुशल असला तरी, मशीनवरच करून घ्यावी.

भाग निवडताना

बाहेरच्या कंपनीचे भाग घेताना पहिली चूक होते ती स्प्रिंग आणि डॅम्पर यांची जोडी न जुळवण्याची. डॅम्परचे काम स्प्रिंगची हालचाल आवरण्याचे असते. गाडी खाली बसवणारी कडक स्प्रिंग मूळ डॅम्परवर चढवली, की डॅम्पर कमी पडतो, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलत राहते, आणि दांडा सतत आतल्या भागातच काम करत राहिल्याने डॅम्परचे आयुष्यही घटते. शक्यतो एकाच उत्पादकाने एकत्र चाचणी घेतलेला संच घ्यावा. उंची कमी करायची असेल, तर बंप स्टॉप (डॅम्पर पूर्ण दाबला गेल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) कापायचा की नाही आणि किती, हे स्प्रिंगच्या उत्पादकाच्या पत्रकात लिहिलेले असते. अंदाजाने तो कापू नये.

पॉलियुरेथेन बुशबद्दल अनेकांना आकर्षण असते. ते रबरापेक्षा कडक असतात, त्यामुळे स्टिअरिंगला प्रतिसाद नेमका मिळतो. पण रस्त्याची थरथर आणि आवाजही गाडीत जास्त येतो. आतल्या नळीभोवती ते सरकून फिरतात, म्हणून त्यांना उत्पादकाने दिलेले ग्रीस लागते आणि ग्रीस सुकले की बुश करकरू लागतात. रोजच्या वापराच्या गाडीला चांगल्या दर्जाचे रबरी बुश जास्त मानवतात, असे माझे मत आहे.

डॅम्पर आणि स्प्रिंग नेहमी एका अॅक्सलवर जोडीनेच बदलावेत. स्ट्रट मागवतानाच वरचे माउंट, त्याचे बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीचे रबरी आवरण आणि एकदाच वापरायचे नट-बोल्ट हेही मागवावेत. माउंट जुनेच ठेवले आणि वर्षभरात ते वाजू लागले, तर हे सगळे काम पुन्हा करावे लागते.

अवजारे आणि जागा

जागा सपाट आणि टणक हवी. माती किंवा उन्हात मऊ झालेले डांबर चालणार नाही. हायड्रॉलिक जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. गाडी टेकवायची ती जॅक स्टँडवर, तेही कंपनीने नेमून दिलेल्या जागांखाली. जॅकच्या आतल्या सीलने दगा दिला तर गाडी एका क्षणात खाली येते, म्हणून केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड घसरलाच तर ते शेवटचा आधार ठरते.

सॉकेटचा संच, लांब दांड्याचा पाना, अॅलन की, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि टॉर्क रेंच एवढे तरी हवेच. टॉर्क रेंच टाळून काम करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकावर सुमारे २० किलोचा जोर. हा जोर हाताला सकाळी एक वाटतो आणि दुपारी दमल्यावर दुसराच. रेंच त्याच्या मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला विश्वासार्ह नसतो, म्हणून कामाचा आकडा त्याच्या मधल्या टप्प्यात येईल असाच रेंच घ्यावा. मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल, तर आट्यांना तेल लावू नये. तेलाने घर्षण घटते आणि त्याच आकड्याला बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. आपल्या मॉडेलचे टॉर्कचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत. दुसऱ्या गाडीचे आकडे उसने घेऊ नयेत.

पुढचा स्ट्रट बदलणे

इथे जे सांगतो आहे ते मॅकफर्सन स्ट्रटबद्दल आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९४०च्या दशकात आकाराला आली आणि आज बहुसंख्य छोट्या-मध्यम गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच असते. डॅम्पर, स्प्रिंग आणि चाकाला वळण देणारा खांब हे तिन्ही तिच्यात एकत्र आलेले असतात.

आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. त्याच वेळी, गाडी चारही चाकांवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. ही दोन मिनिटांची नोंद पुढे फार उपयोगी पडते, ते ओघाने येईलच.

कामाच्या दिवशी हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये टाकून मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट अर्धा फेरा सैल करावेत. मग पुढची बाजू उचलून दोन्ही बाजूंना स्टँड द्यावेत आणि चाक काढण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. ती डगमगायची असेल तर आताच डगमगू दे. पुढची दोन्ही चाके एकदम उचलण्यामागे आणखी एक कारण आहे: एकच बाजू उचलली तर अँटीरोल बारला पीळ पडतो आणि लिंक रॉडचा बोल्ट निघता निघत नाही.

चाक निघाल्यावर मोबाइलवर छायाचित्रे काढावीत. स्ट्रट ज्या दोन बोल्टांनी नकलला (चाकाचे हब धरणाऱ्या धातूच्या भागाला) जोडलेला असतो, त्या जोडावर पांढऱ्या रंगाने आडवी खूण करावी. अनेक गाड्यांत त्या भोकांमध्ये थोडी फट असते आणि चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाक आत-बाहेर किती कललेले आहे तो कोन, तिथेच बदलतो. खूण केली असेल तर निदान जवळपास जुन्या जागी परत येता येते. मग ब्रेकची लवचीक नळी आणि एबीएस सेन्सरची तार स्ट्रटवरच्या पकडीतून सोडवावी. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागलाच, तर तो नळीवर लटकत ठेवू नये. तारेने स्प्रिंगला किंवा चेसिसला बांधावा.

लिंक रॉडचा नट सोडवताना मधला बॉल गोल फिरत राहतो. त्याच्या टोकाला अॅलन की धरून नट रिंग पान्याने फिरवावा. यानंतर नकलखाली जॅकचा हलका आधार देऊन दोन्ही मोठे बोल्ट काढावेत. नकल एकदम बाहेर झुकू देऊ नये. तसे झाले तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट त्याच्या कपातून निसटू शकतो आणि ब्रेकची नळीही ताणली जाते. शेवटी बोनेटखालचे माउंटचे बाहेरचे नट, साधारणपणे ३, सोडवावेत. त्यांतला शेवटचा सोडवताना खालून स्ट्रट दुसऱ्या कोणीतरी धरलेला असावा, कारण तो वजनदार असतो.

मधल्या मोठ्या नटाला मात्र या टप्प्यावर हात लावू नये. सगळी दाबलेली स्प्रिंग त्या एकाच नटाने धरून ठेवलेली असते. किती जोर असतो याचा अंदाज यावा म्हणून साधा हिशेब देतो: स्प्रिंगचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मिलिमीटर असेल आणि ती १०० मिलिमीटर दाबलेली असेल, तर ती २,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे २५० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर येऊ पाहत असते.

इथे तीन मार्ग आहेत. स्प्रिंग, माउंट आणि डॅम्पर आधीच जोडून मिळणारा पूर्ण संच आपल्या गाडीसाठी उपलब्ध असेल, तर तो सर्वांत सुरक्षित. दुसरा मार्ग मला घरी काम करणाऱ्यासाठी सर्वांत शहाणपणाचा वाटतो: उतरवलेले स्ट्रट गॅरेजमध्ये न्यावेत, तिथल्या भिंतीवरच्या किंवा पायांवर उभ्या प्रेसवर स्प्रिंग बदलून घ्यावी आणि घरी येऊन स्वतः चढवावेत. मजुरीतला छोटासाच वाटा त्यासाठी द्यावा लागतो आणि धोक्याचा जवळजवळ सगळा वाटा टळतो. तिसरा मार्ग हाताने वापरायच्या हुकांच्या स्प्रिंग कॉम्प्रेसरचा. तो वापरायचाच असेल, तर हुक स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, शक्य तितके जास्त वेढे पकडीत येतील असे लावावेत. मग एका बाजूला दोन फेरे, दुसऱ्या बाजूला दोन फेरे, असे आळीपाळीने हातानेच आवळावे. इम्पॅक्ट गन वापरू नये. स्प्रिंग तिच्या बैठकीत बोटांनी हलवता येऊ लागली, म्हणजे वरच्या नटावरचा ताण गेला. तोपर्यंत नट हलवू नये, आणि संपूर्ण वेळ स्ट्रटच्या टोकाच्या रेषेत तोंड किंवा छाती येऊ देऊ नये.

नवा डॅम्पर दोन नळ्यांचा असेल, तर बसवण्याआधी तो उभा धरून दांडा तीन-चार वेळा पूर्ण आत-बाहेर करावा, म्हणजे आडवा पडून असताना आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. पहिल्यांदा दांडा मध्येच मोकळा सुटल्यासारखा जातो. हवा गेली की तो शेवटपर्यंत सारख्या दाबाने सरकतो. हा फरक हाताला स्पष्ट कळतो. दांडा पकडीने धरू नये. त्याच्या क्रोमवर पडलेला बारीकसा ओरखडाही सील कापत राहतो आणि काही महिन्यांत तेल गळू लागते. जुळवणी करताना स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला लागलेले असावे आणि बेअरिंगची दिशा उलटी होऊ नये. वरचा नट अॅलन कीने दांडा रोखून, हाताच्या पान्याने आवळावा. माझ्याकडे एकदा एका गॅरेजमधून आलेल्या गाडीत हाच नट इम्पॅक्ट गनने फिरवलेला होता. दांडाही नटाबरोबर गरगर फिरला असणार, कारण नवाकोरा डॅम्पर पहिल्याच आठवड्यात खड्ड्यागणिक टकटक वाजू लागला.

चढवताना सगळे बोल्ट आधी हातानेच तीन-चार आटे घालावेत आणि मगच पान्याने आवळावेत. पान्याने सुरुवात केली की आटे वाकडे बसतात आणि ते मोडल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

चाक लटकत असताना बुश आवळू नये

हा मुद्दा मी अनुभवातून शिकलो, म्हणून त्याला वेगळी जागा देतो. मी पहिल्यांदा माझ्या गाडीचे लोअर आर्म बदलले, तेव्हा गाडी स्टँडवर असतानाच त्यांचे बोल्ट नेमक्या टॉर्कला आवळले. आकडे बरोबर होते, बोल्ट नवे होते. काही महिन्यांनी ब्रेक दाबताना पुढून दबका ठोका येऊ लागला. आर्म पुन्हा काढला, तेव्हा बुशच्या रबरात आतल्या नळीला लागून चंद्रकोरीसारखी चीर पडलेली दिसली.

कारण साधे आहे. रबरी बुशची आतली आणि बाहेरची नळी रबराला चिकटवलेली असते. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला जखडली जाते आणि आर्मची पुढची सगळी हालचाल रबर पिळूनच होते. ३०० मिलिमीटर लांबीच्या आर्मचे टोक ८० मिलिमीटर खाली लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर सुमारे १५ अंशांनी पिळले जाते आणि उभ्या गाडीतही तसेच पिळलेले राहते.

म्हणून आर्मचे बोल्ट आधी फक्त सैलसर बसवावेत. मग आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून, सुरुवातीला मोजलेले मध्य ते मडगार्ड हे अंतर येईपर्यंत ते वर घ्यावे आणि त्या स्थितीत टॉर्क द्यावा. त्या उंचीआधीच गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली, तर थांबावे. चाके रॅम्पवर चढवून किंवा गॅरेजच्या चार खांबी लिफ्टवर हे काम करावे. नव्या स्प्रिंगने उंची बदलली असेल, तर जुना आकडा न वापरता गाडी जमिनीवर थोडी हलवून-दाबून नवी उंची मोजावी. गॅरेजकडे काम दिले तरी हा बोल्ट कोणत्या स्थितीत आवळणार, हे जरूर विचारावे. ज्या मिस्त्रीला या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येते, त्याच्यावर मी बाकीच्या कामातही विश्वास ठेवतो.

इतर भाग

मागचा शॉक अब्सॉर्बर वेगळा असेल तर त्याला दोनच बोल्ट असतात. पण अनेक गाड्यांत अॅक्सल किती खाली जावे हे तोच ठरवतो, म्हणून खालचा बोल्ट काढण्याआधी अॅक्सलखाली जॅक लावावा. नाहीतर अॅक्सल खाली येऊन स्प्रिंग बैठकीतून निसटते.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड निमुळत्या भोकात घट्ट बसलेले असतात. दुशिंगी पाचर ठोकून ते सुटतात खरे, पण रबरी आवरण फाटते. जॉइंट पुन्हा वापरायचा असेल तर पुलर वापरावा. टाय रॉड एंड काढण्याआधी लॉकनटजवळ खूण करावी आणि फिरवून काढताना फेरे मोजावेत, म्हणजे नवा भाग तितकेच फेरे देऊन बसवता येतो. खाचांच्या नटात स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल, तर नट मागे सैल करू नये. मॅन्युअलने दिलेल्या मर्यादेत थोडा पुढे आवळून भोक जुळवावे. पिन नेहमी नवी घालावी.

कॉइलओव्हर (रिंग फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-डॅम्परचा संच) बसवणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या रिंगची उंची डोळ्यांनी न जुळवता मोजपट्टीने जुळवावी आणि लॉकरिंग आवळल्यावर पुन्हा मोजावी.

गॅरेजकडे काम देताना

गॅरेज निवडताना भाग कोणी आणायचे हे आधी बोलून घ्यावे. भाग आपण आणले, तर बहुतेक ठिकाणी हमी केवळ मजुरीची मिळते, आणि भाग सदोष निघाला तर पुन्हा काढण्या-बसवण्याचे पैसे आपल्यालाच पडतात. ही अट अन्याय्य नाही, पण ती लेखी असावी. टॉर्क रेंच वापरतात का, स्प्रिंग कशावर दाबतात आणि अलाइनमेंटचा आधीचा व नंतरचा छापील कागद देतात का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. गंजाने जाम झालेले बोल्ट, तुटलेला स्टड किंवा प्रेसचे बुश असतील तर घरच्या हट्टापेक्षा गॅरेजची लिफ्ट आणि गॅसची ज्योत स्वस्त पडते. आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी लागणारच असेल, तर आयुष्यातले पहिले सस्पेन्शनचे काम आदल्या रात्री हाती घेऊ नये.

बसवल्यानंतर

स्ट्रट, आर्म, टाय रॉड किंवा उंची यांपैकी काहीही बदलले असेल तर अलाइनमेंट टाळता येत नाही. एखादे चाक प्रवासाच्या दिशेशी फक्त अर्धा अंश तिरके असले, तरी दर किलोमीटरला ते सुमारे ९ मीटर आडवे घासत जाते, आणि टायरच्या कडा करवतीसारख्या होतात. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून गाडी आधी हळूहळू अलाइनमेंटपर्यंत न्यावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावी. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोत नव्याने जुळवावा. समोरच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन आणि स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरचे शून्यीकरण लागते का, हे मॅन्युअलमध्ये पाहावे.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, खिडक्या उघड्या ठेवून, कमी वेगात मारावी. एका बाजूला ओढ, वळताना वरून ‘कट’ असा आवाज, किंवा स्टिअरिंग सोडल्यावर मध्यावर न येणे यांपैकी काहीही जाणवले तर गाडी तशीच पुढे दामटू नये. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. प्रत्येक बोल्ट पूर्ण आवळून झाल्यावर त्याच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढे कधीही चाक काढले की रेघ तुटलेली आहे की सलग आहे, हे नुसत्या नजरेने दिसते, आणि तुटली असेल तर तो बोल्ट सैल झाला आहे.